चौदा दिवस हलवू नये

माणसं काय वाटेल ते मागतात. कोणी पाड्यापर्यंत डांबरी रस्ता मागतं, कोणी जावयाची दारू सुटावी म्हणून मागतं, कोणी बोअरला पाणी. जमना वरठाचं मागणं या कुठल्याच रांगेत उभं राहण्यासारखं नव्हतं. तिला चौदा दिवस हवे होते. सलग. त्या चौदा दिवसांत तिच्या सहा बरण्यांना कोणी, कशानेही हलवू नये.

ऐकणारे आधी हसायचे आणि मग म्हणायचे, "एवढंच ना?" 'एवढंच ना' म्हणणाऱ्या माणसाकडून काम होण्याची शक्यता सगळ्यांत कमी, हे जमनाला अनुभवाने ठाऊक होतं. ती अशा गोष्टी मोजून ठेवायची.

वय बत्तीस. तलासरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. घर तालुक्याच्या पूर्वेला, डोंगरातल्या पाड्यावर. भात आणि नाचणी करणारं. मुंबईच्या एका सरांकडे पीएचडीसाठी नाव नोंदवलेलं, आणि ती नोंदणी ३१ मार्च २०१९ ला संपत होती. एकदा वाढवून घेतलेली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. त्याआधी तिला एक सुई वाढवून दाखवायची होती. केसाएवढी जाड, तिळाएवढी लांब, स्वच्छ पारदर्शक सुई.

ही सुई कशाची, हे तिने सगळ्यांत आधी चैत्याकाकांना सांगितलं होतं. चैत्याकाका प्रयोगशाळेचे शिपाई. सव्वीस वर्षं काचेची भांडी धुऊन त्यांना रसायनशास्त्राबद्दल स्वतःची मतं झाली होती.

"हे बघा काका," जमनाने हातातल्या चार बांगड्या काढून टेबलावर एकीवर एक रचल्या. "एक बांगडी म्हणजे माझा एक रेणू. डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. अशा लाखो बांगड्या एकीवर एक बसल्या तर काय होईल?"

"कासाराचं दुकान."

"नळी होईल हो. मधून पोकळ. अशा असंख्य नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की त्यांची एक सुई होते, तीच आपल्याला दिसते."

"आणि रचणार कोण? चिमटा बारीक लागेल."

"कोणी रचायचं नाही. त्यांच्या त्या रचल्या जातात. प्रत्येक बांगडीला वरून-खालून हात असल्यासारखे आहेत. दुसरी नेमकी समोर आली की धरतात. पक्कं बांधलेलं नाही, नुसतं धरलेलं. आपण त्यांना विरघळवून ठेवायचं, शेजारी दुसऱ्या द्रवाची वाफ हळूहळू येऊ द्यायची आणि बाजूला व्हायचं."

"मग तुमचं काम काय, मॅडम?"

"हात न लावणं."

चैत्याकाकांनी बांगड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हात न लावायला सहा वर्षं शिकलात?"

प्रश्न बरोबर होता. रेणू तयार करणं हे तिच्या हातातलं काम होतं आणि ते तिने चार वर्षांत फत्ते केलं होतं. त्या रेणूंनी शिस्तीत एकमेकांवर बसणं मात्र त्यांच्या मर्जीचं. मोठ्या बरणीत एक द्रव, त्यात उघडी ठेवलेली लहान बाटली, बाटलीत तिचे विरघळलेले रेणू, वरून बरणीचं झाकण घट्ट. वाफ बाटलीत शिरत जाते, रेणूंना विरघळून राहणं अवघड होत जातं आणि ते एकमेकांना धरू लागतात. सावकाश झालं तर सुई. धक्का बसला तर सगळे एकदम, जिथे असतील तिथे, जो सापडेल त्याला धरतात, आणि बाटलीत पेजेवरच्या पाण्यासारखा पांढरा गढूळ साका उरतो. त्याचा उपयोग शून्य.

हे काम सरांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत का नाही? कारण त्या इमारतीखालून मेट्रोचं खोदकाम चालू होतं. सर म्हणाले होते, "जमना, तुमच्याकडे कर. तुमच्याकडे शांत आहे."

यात चूक काही नव्हतं. तलासरीत चौदा दिवसांत कागदसुद्धा जागचा हलत नाही, हे जमनाला कचेरीतल्या खेपांवरून माहीत होतं. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये खरंच एका बाटलीत सुई आली. एकच. तिने ती सरांकडे नेली, क्ष-किरणांच्या यंत्रावर चढवली आणि माप अर्धं होईतो ती उभी चिरली. अर्ध्या मापात नळी आहे असं दिसत होतं. सर म्हणाले, "एकदा झालं तर तो योगायोग असतो. पुन्हा करून आण, मग लिहू."

"एवढंच ना?" असं त्या वेळी जमनाच म्हणाली होती.

दिवाळी संपली आणि जमीन हलायला लागली.

पहिल्या धक्क्याची गंमत अशी की तो धक्का आहे हेच तिला कळलं नाही. सकाळी येऊन पाहते तर सहाही बाटल्यांत साका. तिच्या वहीत पाच रकाने होते: नमुना, ठेवल्याची तारीख, काढल्याची तारीख, काय मिळालं आणि शेवटचा 'कारण'. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, 'चैत्याकाका, झाडू मारताना टेबल सरकवलं.' आणि काकांना सगळ्यांसमोर बोललीही.

"देवाच्यान् मॅडम, त्या कोपऱ्यात मी गेलोच नाही. तुम्ही जाऊ नका म्हणालात तेव्हापासून तिकडे जळमटं लागलीत, बघा."

जळमटं खरीच होती. तीन दिवसांनी भर तासाला वर्गातले पंखे झुलले, पोरं ओरडत मैदानात पळाली आणि डहाणू-तलासरीत सगळ्यांना एकदमच कळलं की हे आता रोजचं होणार. जमनाने वहीतली ओळ खोडली, वर 'भूकंपाचा धक्का' लिहिलं आणि ती वही घेऊन काकांकडे गेली.

"तुमचं नाव काढलं, काका. चुकलं माझं."

काकांनी खोडलेल्या ओळीवर बोट फिरवलं. "काढलंत ते बरं केलंत. पण खालून वाचता येतंय अजून. माणसाचं नाव एकदा वहीत गेलं की राहतंच बघा."

त्या दिवसापासून तिने एक नियम केला. 'कारण' या रकान्यात खात्री असेल तेच लिहायचं, आणि जे खरं तेच.

पुढचे तीन महिने जमनाने स्थिर जागेच्या शोधात काढले. आधी प्रयोगशाळेतच एका घमेल्यात वाळू भरली, त्याखाली स्कूटरच्या दोन ट्यूब अर्धवट फुगवून ठेवल्या. पंख्याची थरथर, पोरांची धावपळ यांना त्या पुरल्या. जमिनीला पुरल्या नाहीत. मग डहाणू रोड स्टेशनला लागून असलेल्या मसोलीत मावसबहीण सुनिता राहायची, तिच्या मागच्या खोलीत बरण्या गेल्या. दुसऱ्या दिवशी जमनाने बरणीशेजारी पाण्याची वाटी ठेवून पाहिली. दर दहा मिनिटांनी पाण्यावर वर्तुळं.

"ताई, गाडी गेली की घर हलतं तुझं."

"कुठली गाडी?" सुनिता म्हणाली. लग्न होऊन आल्याला बारा वर्षं झाली होती. आता तिला मालगाडी ऐकूच येत नसे.

मग घोलवड. तिथे चिकूच्या वाडीत रूपी नावाची तिची जुनी विद्यार्थिनी नर्सरी सांभाळायची. जागा अशी की जमनाला वाटलं, इथे आधी का नाही आले. झाडांची दाट सावली, मातीची जमीन, दुपारी पान हललेलं दिसत नव्हतं. आठ दिवस सुरेख गेले. नवव्या दिवशी माल वाढला आणि शेडमधली माणसं भरलेले क्रेट ट्रकमध्ये फेकायला लागली. रूपीने सांगून पाहिलं, "भाऊ, जरा हळू ठेवा ना, मॅडमचं रसायन आहे." मुकादम म्हणाला, "हळू ठेवायचं तर चिकू पिकून जाईल, बेन." हेही खरंच होतं. जमनाला जो भेटायचा तो खरंच बोलायचा, हीच तिची अडचण होती. एखादा खोटं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तर दिवसभर जमीन थांबून थांबून हलत राहिली. सरकारी तंबू आले. लोक अंगणात झोपायला लागले. जमनाने सरांना फोन केला.

"सर, धक्के थांबत नाहीत."

"दिवसातून किती येतात?"

"कधी दोन. कधी सात."

सरांनी जरा विचार केला. "म्हणजे एरवी बराच वेळ शांतच असतं ना? त्या वेळात कर."

सर वाईट नव्हते. पंचवीस तारखेची यंत्राची वेळ तिच्यासाठी त्यांनीच भांडून मिळवली होती. मार्चची पंचवीस. त्यानंतर लिहायला सहा दिवस.

या काळात जमनाला एक वाईट खोड लागली. ती माणसांना एकाच मापाने मोजू लागली: कोण किती हलतं. प्राचार्य खुर्चीत बसून सतत गुडघा हलवतात. ऑफिसातला मिथुन टेबलावर पेन वाजवतो. भाऊ दिपक उभा राहिला तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर. वहिनी रखमी बोलते तेव्हा तिचे दोन्ही हात बोलतात. या सगळ्या यादीत एकच माणूस शून्यावर होतं. तिची आई सोनीबाई. अंगणात भात वाळत घातलं की ती लांब काठी मांडीवर घेऊन बसायची आणि कोंबडी जवळ आली तर काठीचं टोक तेवढं हलायचं. सोनीबाई नाही. लहानपणी जमनाला वाटायचं, आई डोळे उघडे ठेवून झोपते.

मग तिच्या लक्षात आलं की घरचीच नोंद आपण कधी नीट पाहिली नाही. वहीच्या मागच्या पानांवर ती धक्के टिपून ठेवायची, ती पानं चाळत बसली. पाडा डोंगराच्या पोटाला, खाली कातळ. कॉलेजात पंखे झुलत तेव्हा घरी नुसती मडकी किणकिणत. लहान धक्के तर घरी कळतच नव्हते. ना रेल्वे, ना ट्रक. सगळा तालुका फिरून झाल्यावर सगळ्यांत स्थिर जागा निघाली ती तिच्याच घरातली. चुलीपासून लांबचा, कणगीमागचा कोपरा.

दहा मार्चला, रविवारी, तिने सहा बरण्या तिथे वाळूच्या घमेल्यात ठेवल्या. घरातली सगळी गोळा झाली होती.

"काय हाय यात?" रखमीने विचारलं.

"युरियासारखंच एक."

"भाताला मारतात तो? मग गोणी आणायची, बाटलीत कशाला ठेवलास?"

"तो नव्हे वहिनी, त्याच्या जातीतला. याची नळी होते, अगदी बारीक. तिच्यातून पाण्याचे कण एकामागून एक, एका रांगेत जातील, एवढी."

दिपक हसला. "एकेक कण? आमच्या हापशीला पण आता तसाच येतो."

जमनाही हसली. मग आईकडे वळून तिने सांगितलं, आणि सांगताना आईला पटेल अशा शब्दांत सांगितलं. नंतर तिने आठवून पाहिलं तेव्हा तिला आपल्या त्याच वाक्याचा सगळ्यांत जास्त त्रास झाला.

"आये, हे माझं बियाणं समज. सगळ्या वर्षांचं बियाणं एवढंच आहे, दुसरं नाही. चौदा दिवस हलता कामा नये."

सोनीबाईने मान डोलावली. बियाणं म्हणजे काय ते तिला सांगायला लागत नव्हतं. भाताचं बियाणं ती पेंढ्याच्या मुडीत बांधून कणगीवर ठेवायची आणि उपासमारीच्या वर्षीही त्याला हात लावू द्यायची नाही.

पाड्याने मात्र कमाल केली. होळी आली वीस तारखेला. दरवर्षी होळी वरठांच्या घरासमोरच्या माळावर, रात्रभर ढोल आणि नाच. शंभर पायांनी जमीन दणाणते. सोनीबाई घरोघर गेली आणि काय बोलली कोण जाणे, यंदा होळी पाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडे लागली. लहान्या ढोलवाला कुरकुरला, "भूकंपाला नाय घाबरलो, आता बाटलीला घाबरायचा?" पण गेला. जमना रात्री कणगीमागे पाण्याची वाटी घेऊन बसली होती. ढोल ऐकू येत होता; वाटीतलं पाणी मात्र आरशासारखं होतं.

एकवीसला संध्याकाळी तिला राहवलं नाही. हात न लावता, श्वास रोखून, बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं. तिसऱ्या बाटलीत तळापासून तिरपी उभी, केसासारखी, एक रेघ. पाचवीत दोन. उजेड पडला तशा चमकल्या.

तिने कोणाला सांगितलं नाही. 

बावीसला, शुक्रवारी, कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. चुकवता येणारी नव्हती. सकाळी नऊच्या सुमाराला धक्का आला. मोठा नव्हता. पोरांनी पेपरवरून माना वर केल्या, छताकडे पाहिलं आणि परत खाली घातल्या. चार महिन्यांत एवढी तयारी झाली होती. जमनाने मनात हिशोब केला: इथे एवढा, म्हणजे घरी मडकंसुद्धा वाजलं नसेल. वाळूतल्या बाटल्यांना काही नाही. ती निर्धास्त झाली.

अकराला रखमीचा फोन.

"जमनाबाय, घर जरासा हालला. सगळी बाहेर हाव. कोणाला काय नाय."

"बरं झालं."

"तुझ्या बाटल्या पण बऱ्या हात. काळजी करू नको. आईने पहिल्या त्याच काढल्या."

जमना व्हरांड्यात उभी होती. समोर चैत्याकाका घंटेजवळ बसले होते. तिचा चेहरा पाहून ते उठले.

"काय झालं मॅडम? घरी कोणी..."

"नाही काका. सगळे बरे आहेत."

धक्के सुरू झाल्यापासून पाड्यावर घराघरात वाटणी ठरलेली होती. घर हललं की कोणी काय घेऊन बाहेर पडायचं. दिपकने धाकट्याला, रखमीने थोरलीला, आणि सोनीबाईने बियाण्याची मुडी. जे पुन्हा कुठे मिळणार नाही ते आधी. वाटणी जमनाला माहीत होती. तिच्या समोरच ठरली होती. त्या वेळी तिने त्या वाटणीचं कौतुकही केलं होतं.

ड्यूटी संपायला साडेबारा वाजले. टमटम भरेपर्यंत हलेना. चारजणं येईपर्यंत ड्रायव्हर तंबाखू मळत बसला आणि जमना मागच्या फळीवर बसून राहिली. आयुष्यात प्रथमच न हलणाऱ्या गोष्टीचा तिला राग आला. पण घाई करून तरी काय होणार होतं, हेही तिला त्याच फळीवर कळत होतं. नऊ वाजता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती पोचली तेव्हा दीड वाजला होता.

अंगणातल्या तंबूच्या सावलीला सोनीबाई बसली होती. पाय पुढे पसरलेले, पाठ ताठ. लुगड्याच्या ओच्यात सहा बरण्या एकमेकींना टेकवून उभ्या, आणि त्यांना वेढून दोन्ही हात. शेजारी भाकरीचं ताट झाकून ठेवलेलं, न शिवलेलं. तिच्या पायावरून मुंगळा चालला होता आणि ती त्याला चालू देत होती.

"नऊ वाजल्यापासून तशीच हाय," रखमी हळूच म्हणाली. "पाणी मी तोंडाला लावला. उठ म्हटला तर उठत नाय."

जमना आईसमोर उकिडवी बसली. बरण्यांत पाहिलं. बाहेरचा द्रव हिंदकळून आतल्या बाटल्यांत शिरला होता. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरीत ती तिरपी रेघ कुठेच नव्हती. सगळं एकसारखं, पेजेवरच्या पाण्यासारखं. चौथी. पाचवी. सहावी.

"वाचल्या ना?" सोनीबाईने विचारलं. मान न वळवता, फक्त डोळे वर करून.

जमनाने उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात रखमीच बोलायला लागली. तिचे दोन्ही हात सुरू झाले. "तुला सांगते, जमनाबाय, मुडी आत राहिली. आई मुडीला गेलीच नाय. सरळ कणगीमागे. पाच बाटल्या ओच्यात घातल्या, बाहेर आणल्या, मोजल्या तर पाच. तवर दुसऱ्यांदा हालला. हे ओरडतात, आये जाऊ नको, कौला पडतील. ती परत आत! सहावी घेऊन आली."

"एक राहिली होती," सोनीबाई म्हणाली. "बियाणा अर्धा काय टाकून येतात?"

मुडी अजून आतच होती. जमनाने आत जाऊन पाहिलं. कणगीवर, जागच्या जागी. कणगीमागे, वाळूच्या घमेल्याशेजारी, तिने ठेवलेली पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली. एक थेंब सांडला नव्हता.

एवढा काळ ती ज्या ज्या माणसांवर मनातून चिडली होती ती तिने एकेक आठवून पाहिली. मालगाडीचे ड्रायव्हर. घोलवडचा मुकादम. प्राचार्यांचा गुडघा. त्या रांगेत आईला उभं करून पाहिलं आणि ते जमेना.

"जमने, वाचल्या ना म्हणते मी?"

"वाचल्या, आये."

सोनीबाईचे खांदे तेवढे जरा खाली आले. हात तसेच.

"नेताना मी पळाले, तेव्हा हालल्या असतील थोड्या. पण मग बसले ती बसलेच. विचार हिला."

"कळलं मला."

जमनाने पिशवीतून वही काढली. काढायची गरज नव्हती. सवयीने काढली, किंवा तोंड खाली घालायला काहीतरी हवं होतं म्हणून. नमुना एकतीस ते छत्तीस. ठेवल्याची तारीख दहा मार्च. काढल्याची तारीख बावीस मार्च. काय मिळालं: साका. मग शेवटचा रकाना.

काय घडलं ते तिला पूर्ण माहीत होतं. आत वाटी भरलेली होती. तिचा नियम तिनेच केलेला होता, आणि चार महिन्यांत तो एकदाही मोडला नव्हता.

"काय लिवतेस?"

"काय झालं ते."

"मग माझा नाव घाल त्यात," सोनीबाई म्हणाली. ती लाजली, म्हणून तिने हे बरण्यांकडे बघत सांगितलं. "तुझे सर वाचतील ना? सोनीबाईने बाहेर काढल्या म्हणून लिव. मुंबईला कळू दे."

रखमी हसली. "आईला आता सर्टिफिकेट पायजे!"

जमनाने पेन टेकवलं. 'भूकंपाचा धक्का.' चार महिन्यांत हे शब्द तिने इतक्यांदा लिहिले होते की हात आपोआप गेला.

"लिवलास?"

"लिहिलं."

"दाखव."

जमनाने वही तिच्या डोळ्यांपुढे धरली. सोनीबाईने बरण्यांवरचा उजवा हात अगदी सावकाश सोडवला, डावा कोपर त्यांच्यामागे सरकवून आधार दिला आणि एक बोट त्या दोन शब्दांवर ठेवलं.

"हा माझा?"

"हो."

"दोन शब्द हात?"

"सोनीबाई वरठा."

बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग पुन्हा बरण्यांपाशी गेलं.

फोन वाजला. सर होते. जमनाने दोन वाक्यांत सांगितलं, धक्का आला, गेलं सगळं.  "काय करणार," सर म्हणाले. "याला कोणाचाच इलाज नाही. यंत्राची वेळ मी दुसऱ्या कोणाला देऊन टाकू का मग? वाया जायला नको."

"द्या, सर."

ती मराठीत बोलत होती, आईला कळलं असतं, म्हणून 'गेलं सगळं' म्हणताना तंबूच्या मागे गेली होती. परत आली तेव्हा सोनीबाई तशीच होती. ऊन सरकून आता तिच्या पावलांवर आलं होतं.

"आये, दे आता इकडे. जेव तू."

"चौदा दिवस म्हणालीस. आज किती झाले?"

"बारा."

"मग दोन बाकी हात." सोनीबाईने हात आवळले. "जमीन अजून निवलेली नाय. तू घेशील आन् हालवशील. जा, तू जेव."

जमना उभी राहिली. मग तिने झाकलेलं ताट उचललं, आईशेजारी मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापाशी नेला. सोनीबाईने मान न हलवता, नुसतं तोंड उघडलं.